पराग कुठवर सांगेल?

कमळ आणि कुमुद यांचा पराग एकापाठोपाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की डोळ्यांना दिसणाऱ्या फुलावर फार भरवसा ठेवू नये असं वाटायला लागतं. दोन्ही एकाच तळ्यात वाढतात. मुळं चिखलात, पानं पाण्यावर, फूल मोठं, पाकळ्या भरपूर, पुंकेसर मोजता मोजता कंटाळा यावा इतके. बाजारात दोन्ही कमळ म्हणूनच विकली जातात आणि लक्ष्मीपूजनाला कुमुद घेऊन जाणाऱ्याला कुणी अडवत नाही. बेंथम आणि हूकर या जोडगोळीनेही एकोणिसाव्या शतकात दोघांना एकाच कुळात बसवलं होतं. आपल्याकडची महाविद्यालयं आणि हर्बेरियमं, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह, वर्षानुवर्षं त्यांचीच पद्धत चालवत आली, त्यामुळे आमच्या पिढीने परीक्षेत तेच लिहिलं आणि मार्कही मिळवले.

कण मात्र काही वेगळंच सांगतात. कुमुदाच्या परागकणाला एकच चीर असते, कणाभोवती गोल फिरलेली. कमळाच्या कणाला तीन चिरा असतात, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उभ्या गेलेल्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. हा फरक बघायला फार मोठी उपकरणं लागत नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेतला बरा सूक्ष्मदर्शक असला तरी पुरे.

आता एक चीर काय नि तीन चिरा काय, असं कुणी म्हणेल. पण सोनचाफा, मिरी, नारळ, कांदा यांच्या परागाला एक चीर. आंबा, मोहरी, वांगं, सूर्यफूल यांना तीन. जगातल्या सपुष्प वनस्पतींपैकी साधारण तीन-चतुर्थांश या तीन चिरांच्या गोतावळ्यातल्या आहेत. पुढे त्यांतल्या कित्येकांनी चिरांची छिद्रं केली, छिद्रांची संख्या वाढवली, पण मूळ साचा तीनाचा. खडकांतही हाच क्रम दिसतो. एका चिरेचे कण आधी येतात. तीन चिरांचे त्यानंतर, सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वी, आणि त्यांचे सर्वांत जुने पुरावे विषुववृत्ताजवळच्या थरांतून, आफ्रिकेकडून मिळतात. म्हणजे आज ज्याला आपण उष्ण कटिबंध म्हणतो, तिथेच या घराण्याची सुरुवात झाली असण्याची शक्यता बरीच आहे.

तेव्हा कमळ आणि कुमुद यांच्यातली दरी जाती-प्रजातींची नव्हे, कोट्यवधी वर्षांची. परागतज्ज्ञांना हे दिसत होतं. सोव्हिएत वनस्पतीशास्त्रज्ञ तख्ताजान यांनी कमळासाठी वेगळा गणच, म्हणजे कुळाच्या वरचा गट, केला. अमेरिकेतल्या क्रॉन्क्विस्ट यांनी मात्र १९८१ मध्येही ते कुमुदांच्या गणातच ठेवलं. मग १९९३ मध्ये बेचाळीस लेखकांचा एक शोधनिबंध आला. त्यात ४९९ बीजधारी वनस्पतींच्या हरितलवकातल्या एकाच जनुकाची तुलना केलेली होती, आणि कमळ जाऊन बसलं ते चिनाराच्या आणि सिल्व्हर ओकच्या शेजारी. काश्मीरचा चिनार, मुन्नारच्या चहाच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेला सिल्व्हर ओक आणि लक्ष्मीच्या हातातलं कमळ! निव्वळ फुलं समोर ठेवून हे नातं कुणाला सुचलं असतं तर त्याला आम्ही हसलो असतो. परागाने एवढं सगळं सांगितलं नव्हतं. चिनाराचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. पण 'हे कुमुदाचं नाही' एवढं तो स्पष्ट सांगत होता.

मला परागाबद्दल जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. तो काय सांगतो यापेक्षा तो कुठवर सांगतो, हे कळायला मला जास्त वेळ लागला.

आधी थोडं त्या कणाबद्दल. परागकणाला दोन भिंती असतात. आतली मऊ, बाहेरची चिवट. बाहेरची भिंत ज्या द्रव्याची असते त्याला स्पोरोपोलेनिन म्हणतात, आणि सजीवांनी तयार केलेल्या पदार्थांत इतकं टिकाऊ दुसरं सापडणं अवघड. आम्लात विरघळत नाही, गाळात लाखो वर्षं पडून राहिलं तरी नक्षी शाबूत. या भिंतीची रचनाही साधी नाही. खाली एक पाया, त्यावर बारीक खांब, खांबांवर तोललेलं छत. छत कुठे सलग, कुठे जाळीदार, कुठे नुसतेच खांब उघड्यावर. छतावर काटे, गाठी, रेघा. आणि या सगळ्यात अधूनमधून भिंत पातळ झालेली, तीच चीर किंवा छिद्र. तिथून परागनलिका बाहेर पडते. फूल उमलल्यावर कण वाळतो तेव्हा याच चिरांपाशी तो आत दुमडतो, पाणी मिळालं की पुन्हा फुगतो. कणाची दारं म्हणजे त्याच्या जिवाचा प्रश्न, म्हणून ती सहसा बदलत नाहीत. छतावरची नक्षी मात्र बदलत राहते. नियम ढोबळ आहे, अपवाद भरपूर आहेत. तरी पुढच्या सगळ्या गोष्टींत तो उपयोगी पडेल.

नक्षी नीट बघायची तर कणातला जीवद्रव्याचा ऐवज आणि वरचं तेल काढून टाकायला हवं. त्यासाठीची रीत स्वीडनच्या गुन्नार एर्टमान यांनी १९३०च्या दशकात बसवली. नऊ भाग ॲसेटिक अनहायड्राइड, एक भाग तीव्र सल्फ्युरिक आम्ल. या मिश्रणात कण घालून वॉटर बाथवर तापवायचे. त्याला ॲसिटोलिसिस म्हणतात. काही मिनिटांत आतलं सगळं जळून जातं आणि उरते ती तपकिरी-सोनेरी, रिकामी, काचेसारखी स्वच्छ बाहेरची भिंत. मिश्रणात पाण्याचा थेंब पडला तर ते उसळतं, म्हणून आधी ग्लेशियल ॲसेटिक आम्लाने धुणं आलं. पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांना मी नमुना बघायला देत नसे, फक्त हे धुणं शिकवत असे. आंबट, नाकात चढणारा तो वास फ्यूम हूडमधूनही, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातूनही, बाहेर येतोच, आणि प्रयोगशाळेतून घरी गेल्यावर स्वयंपाकघरातही आपल्याबरोबर असतो.

नमुना कुठून घ्यायचा यालाही शिस्त आहे. उमललेलं फूल नको. त्यावर मधमाशी बसून गेलेली असते आणि तिच्या अंगावरचे शेजारच्या चार झाडांचे कण तिथे सांडलेले असतात. उमलायच्या बेतात असलेली कळी हवी. हर्बेरियमच्या वाळक्या नमुन्यातून घ्यायचं असेल तर कागदाच्या कोपऱ्यात अडकलेल्या एखाद्या कळीवर नजर ठेवायची, क्युरेटरची परवानगी काढायची आणि चिमट्याने एकच परागकोश उचलायचा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचं हर्बेरियम आहे, मुंबईत झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्यातला परागकणही ॲसिटोलिसिसनंतर कालच्यासारखा दिसतो.

मग ग्लिसरीन जेलीत स्लाइड. इथे नवख्याची फजिती ठरलेली. कण गोल नसतो, तो कुठल्याही कुशीवर पडलेला असतो. वरून पाहिलं तर तीन खाचा पडलेलं वर्तुळ, आडवं पाहिलं तर लांबट आणि मध्ये एक रेघ. ही दोन चित्रं एकाच कणाची आहेत हे पटायला वेळ लागतो. कव्हरस्लिपवर सुईच्या टोकाने हलकेच टिचकी मारायची, कण लोळतो, दुसरी बाजू दाखवतो. फोकस वर-खाली करायचा. वर असताना जे उजळ दिसतं आणि खाली नेल्यावर काळं पडतं तो उंचवटा. उलट झालं तर खड्डा. एर्टमान यांनी या साध्या निरीक्षणालाही पद्धत म्हणून नाव दिलं. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, कारण ज्याला हे वर-खाली करणं जमलं त्याला भिंतीची उंची-खोली डोक्यात उभी करता येते.

स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९६०च्या दशकात परागाकडे वळला, आणि तेव्हापासून परागाचे फोटो कॅलेंडरावर शोभतील इतके देखणे झाले. मला त्यांचं कौतुक आहे, थोडी कुरकुरही आहे. ते फक्त पृष्ठभाग दाखवतात. छताखालचे खांब त्यात दिसत नाहीत. आजकाल काही प्रबंधांत पानभर करडे फोटो असतात आणि भिंतीच्या जाडीबद्दल एक ओळही नसते, तेव्हा साध्या सूक्ष्मदर्शकाची बाजू घ्यावीशी वाटते. मोजमापांबाबतही सावध राहावं लागतं. ग्लिसरीन जेलीत कण वर्षानुवर्षं हळूहळू फुगत जातात, त्यामुळे जुन्या स्लाइडवरचे मायक्रॉन आणि नव्या स्लाइडवरचे मायक्रॉन सरळ शेजारी मांडता येत नाहीत.

परागविद्या वाढली ती युरोपच्या थंड दलदलींत. १९१६ मध्ये लेनार्ट फॉन पोस्ट यांनी स्वीडनच्या पीटमधले, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांतले, कण मोजून जंगलांचा इतिहास मांडला. त्यांचं काम अवघड होतं, पण त्यांची झाडं थोडी होती: पाइन, बर्च, ओक, एल्म. सगळी वाऱ्यावर पराग सोडणारी, हात सैल. सह्याद्रीच्या सदाहरित पट्ट्यात उलटी परिस्थिती. झाडांचे प्रकार शेकड्यांनी, आणि बहुतेकांचा पराग माश्या, भुंगे, पाखरं, वटवाघळं यांच्या हवाली. किनाऱ्यावरच्या चिपीचं फूल तर रात्री उमलतं ते वटवाघळांसाठीच. असा पराग चिकट, मोजका आणि वाऱ्यावर न उडणारा. तळ्याच्या गाळात पडतो तो गवतांचा आणि लव्हाळ्यांचा. शेजारी उभ्या असलेल्या प्रचंड झाडाचे दोन-चार कण मिळाले तरी नशीब. ते दोन-चार कण कुणाचे हे कळायला आधी त्या झाडाची ओळखीची स्लाइड हवी. युरोपात तयार झालेली ओळख-सारणी इथे पहिल्या पायरीवरच थांबते.

हे ओझं ज्यांनी उचललं त्यांत पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटचं नाव आधी घ्यायला हवं. लखनौला बिरबल साहनींची संस्था जीवाश्मांसाठी होती, तिथेच राष्ट्रीय वनस्पती उद्यानात पी. के. के. नायर आजच्या वनस्पतींच्या परागावर काम करत होते. पुदुच्चेरीत १९६०च्या सुमारास परागाची प्रयोगशाळा उभी राहिली आणि उष्ण कटिबंधातल्या वनस्पतींच्या हजारो स्लाइड तिथे जमल्या. फिलिप गिने यांनी तिथूनच बाभूळ-शिरीषाच्या उपकुळाचा पराग धुंडाळला. त्यांचं मोठं काम १९६९ मध्ये छापून आलं. हा गट मुळातच गमतीचा. बाभळीचे कण सुटे नसतातच. साधारण सोळा कण एकमेकांना घट्ट चिकटून एक चपटा गठ्ठा होतो, आणि एका परागकोशात असे आठ गठ्ठे. कुक्षीवर जेमतेम एकच गठ्ठा मावतो. एक गठ्ठा पोचला की शेंगेतल्या सगळ्या बीजांडांची सोय झाली, न पोचला तर काहीच नाही. लाजाळूत गठ्ठा चारांचा, आणि चारही मिळून दहाएक मायक्रॉनचे. गठ्ठ्यात कण किती आणि कसे रचलेले, यावरून या उपकुळातल्या प्रजाती बऱ्याच अंशी वेगळ्या करता येतात. इथे पराग आपल्या हिशेबाने उत्तम बोलतो.

त्याच प्रयोगशाळेत गणपती तणिकैमणी होते. १९६६ मध्ये त्यांनी ताडकुळाच्या परागावर काम प्रसिद्ध केलं. नारळासारख्या बहुतेक ताडांना एकच चीर, पण दलदलीतल्या निपा या ताडाचा कण काटेरी आणि चीर कणाभोवती फिरलेली. हाच कण जगभरच्या जुन्या खडकांत सापडतो, म्हणून ताडांचा पराग समजणं भूशास्त्रालाही हवं होतं. त्याहून मोलाचं मला त्यांचं दुसरं काम वाटतं, ज्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. जगात कुठल्या वनस्पतीच्या परागाचं वर्णन कुठल्या नियतकालिकात, कुठल्या वर्षी आलं आहे, याची त्यांनी सूची केली आणि एकामागून एक पुरवण्या काढून ती चालू ठेवली. इंटरनेट नव्हतं. ज्याला एखाद्या झाडाचा पराग ओळखायचा होता त्याचे महिने त्या सूचीने वाचवले. असं काम करणाऱ्याला पुरस्कार मिळत नाहीत, फक्त लोक ते वापरतात.

५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेलं पॅन ॲमचं ७३ क्रमांकाचं विमान कराचीला अपहृत झालं. नीरजा भानोत यांचं नाव त्या घटनेमुळे घरोघर पोचलं, ते योग्यच. त्याच विमानात तणिकैमणी होते आणि तेही मारले गेले. वय अठ्ठेचाळीस. खारफुटींच्या परागावरचं त्यांचं काम पुढच्या वर्षी, ते नसताना, प्रसिद्ध झालं. कांदळ, चिपी, तिवर यांचे कण किनाऱ्याच्या गाळातून ओळखून समुद्राची पातळी कधी कुठे होती ते सांगणारे लोक आजही ते उघडतात.

आता कारवी. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला ती सांगायला नको. सात-आठ वर्षं नुसतीच वाढते, मग एका पावसाळ्याच्या अखेरीस डोंगरच्या डोंगर जांभळे करते, बी धरते आणि मरते. तिच्या काठ्यांचे कूड लिंपून कितीतरी घरं उभी राहिली. शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथिस कॅलोसा. ही प्रजाती अवाढव्य, आशियात तिच्या सुमारे चारशे जाती. कासची टोपली कारवी तिच्यातलीच, महाबळेश्वरची व्हायटीही तिच्यातलीच.

कारवीचं कुळ परागाच्या बाबतीत कमालीचं उधळं आहे. इतकं, की १८९५ मध्ये जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ लिंडाऊ यांनी त्या अख्ख्या कुळाची मांडणी बरीचशी परागावर बेतली. आणि स्ट्रोबिलँथिसच्या आतही तोच प्रकार. काहींचे कण लांबट, अंगावर उभ्या पट्ट्या. काहींचे गोल, काटेरी. मधले नाना प्रकार. नेदरलँड्समधले ब्रेमेकांप यांनी हे सगळं तपासलं आणि १९४४ मध्ये, त्यांचा देश जर्मन ताब्यात असताना, निकाल छापला: ही एक प्रजाती नव्हेच, या चौपन्न प्रजाती आहेत. त्यांतल्या सत्तावीस त्यांनी नव्याने घडवल्या. पराग आणि बिया हे त्यांचे मुख्य आधार. आपली कारवी झाली कारव्हिया कॅलोसा, टोपली कारवी गेली प्लिओकॉलस या प्रजातीत, व्हायटी गेली थेलेपीपालेमध्ये. एकाच डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या कारव्या म्हणून नांदणाऱ्या तिघी तीन घरांत गेल्या.

आपल्याकडच्या काही पुस्तकांनी ही नावं घेतली, काहींनी नाही घेतली, आणि विद्यार्थ्यांची तारांबळ झाली. ब्रेमेकांप यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी दाखवलेले फरक खोटे नव्हते, आजही कुणीही स्लाइड करून ते पाहू शकतं. १९९८ मध्ये दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या स्ट्रोबिलँथिसच्या परागाचा पुन्हा तपशिलात अभ्यास झाला तेव्हाही ती सगळी विविधता तशीच दिसली. अडचण दुसरीकडे होती. २००४ मध्ये डीएनए आणि बाह्यरचना दोन्ही घेऊन वंशवृक्ष काढला गेला, तेव्हा सगळ्या स्ट्रोबिलँथिस मिळून एकच फांदी निघाली, आणि ब्रेमेकांप यांची बहुतेक घरं त्या फांदीवर एकसंध राहिली नाहीत. सारख्या नक्षीचे कण वेगवेगळ्या डहाळ्यांवर सापडत होते. म्हणजे नक्षी सारखी, म्हणून नातं जवळचं, असं या वंशात म्हणता येत नाही. कारवी पुन्हा स्ट्रोबिलँथिस झाली.

त्याच सुमारास आणखी एक धक्का बसला. खारफुटीतला तिवर, ज्याला कित्येक जण स्वतंत्र कूळ देत होते, तो डीएनएच्या आधारे कारवीच्या कुळात येऊन बसला. खाडीतल्या खाऱ्या चिखलात श्वासमुळं उभारणारा तिवर आणि कड्यावरची कारवी एका कुळातले! तिवराचा कण बघा, तीन चिरांचा, जाळीदार, शेकडो इतर झाडांसारखा सरळमार्गी. त्याच्याकडे पाहून हे नातं कुणाला कळलं नसतं.

या दोन्ही गोष्टींवरून परागाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपण त्याच्याकडून दोन वेगळी कामं एकदम मागतो. एक काम ओळखण्याचं: हा कण कुणाचा? तिथे फरक हवेत, जितके ठळक तितके बरे, ते कुठून आले याच्याशी कर्तव्य नाही. दुसरं काम नातं लावण्याचं: हा कण कुणाच्या कुळातला? तिथे फरक असून भागत नाही, तो फरक जुना आणि टिकाऊ असावा लागतो. कमळाच्या तीन चिरा जुन्या आहेत म्हणून त्या नातं सांगतात. कारव्यांची नक्षी चंचल आहे. ती ओळख पटवते, नातं सांगत नाही. एर्टमान यांनी १९५२ मध्ये सपुष्प वनस्पतींचा पराग आणि वर्गीकरण एकत्र मांडलं तेव्हापासून ही दोन कामं एका दमात बोलायची सवय लागली, आणि गोंधळ बराचसा तिथला आहे असं माझं मत आहे.

उलट टोकाची उदाहरणंही आहेत. जास्वंदीचा कण मोठा, नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखा दिसणारा, गोल, अंगभर काटे आणि अंगभर छिद्रं. काटेसावरीचा कण चपटा, तिकोनी, जाळीदार, काट्यांचा पत्ता नाही. पूर्वी ही दोन कुळं वेगळी मानत. आता सावर जास्वंदीच्या कुळात आहे. आणि गवतं! ज्वारी, भात, कुसळी, ऊस: सगळ्यांचा कण गोल, गुळगुळीत, एक छिद्र, छिद्राभोवती कडं. मका आकाराने मोठा म्हणून तेवढा उठून दिसतो. बाकी हजारो जातींच्या या कुळात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पराग गप्प बसतो. हिरडा, ऐन, अर्जुन यांच्या कणाला तीन खऱ्या चिरा आणि त्यांच्या मध्ये तीन खोट्या, म्हणजे ज्यांतून नलिका निघत नाही अशा. ओळखायला किती छान खूण, असं वाटेपर्यंत अंजनीच्या कुळातही तेच दिसतं. गाळाच्या अभ्यासात म्हणून ही दोन कुळं जोडनावानेच लिहिली जातात. दोन्ही जांभळाच्या गणातली आहेत, तेवढं नातं मात्र खरं.

माझं स्वतःचं काम निवृत्तीनंतर ओळखण्याकडेच राहिलं आहे, आणि तेही मधातलं. महाबळेश्वर-जावळीकडचे मधपाळ ओळखीतून बाटल्या पाठवतात. मांघरला २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून मान मिळाल्यापासून बाटल्यांवरच्या लेबलांचाही उत्साह वाढला आहे: कारवी मध, जांभूळ मध, हिरडा मध. रीत सोपी. दहा ग्रॅम मध कोमट पाण्यात विरघळवायचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, तळाला बसलेले कण स्लाइडवर घेऊन मोजायचे. एका वनस्पतीचे कण पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त असतील तर मध साधारणपणे तिच्या नावाने ओळखतात. जांभळाचा कण छोटा, तिकोनी, तिन्ही चिरा टोकाशी जुळलेल्या. एकदा पाहिला की विसरत नाही. कारव्यांचा कण तर त्या चंचल नक्षीमुळेच लांबून हाक मारतो. ज्या गुणाने ब्रेमेकांप यांचा घात केला, त्याच गुणाने माझी सोय केली आहे.

"मॅडम, कारवीचाच आहे ना?" मधपाळाचा फोन येतो तेव्हा त्याला होकार हवा असतो. "कारवीचा आहे, पण निम्म्याच्या वर नाही," म्हटलं की पलीकडे शांतता. मग समजावून सांगावं लागतं की पराग म्हणजे मकरंद नव्हे. मका, गवत यांच्यावर सातेरी माश्या फक्त परागासाठी जातात, त्यांच्यापासून मधाचा थेंबही येत नाही, तरी मधात त्यांचे कण दिसतात. काही फुलं भरपूर मकरंद देतात आणि पराग अगदी बेताचा. टक्का हा कणांचा आहे, गोडीचा नाही.

यात सर्वांत अन्याय होतो तो पिशाच्या झाडावर. महाबळेश्वरच्या मधपाळाला विचारा, पिसा फुलला की पेट्या कशा भरतात ते तो सांगेल. पण पिसा दालचिनीच्या कुळातला, आणि या कुळाच्या कणाची बाहेरची भिंत इतकी पातळ असते की ॲसिटोलिसिसमध्ये ती उरतच नाही. त्या आम्लातून सारे कण सोनेरी होऊन बाहेर येतात, पिसा नाहीसा होतो. ज्याने फक्त ती स्लाइड पाहिली त्याच्या अहवालात पिशाचा मध कधीच नसतो. त्याच कारणाने जुन्या गाळातही हे कूळ जवळपास सापडत नाही, आणि एखाद्या प्राचीन जंगलात दालचिनीचे भाऊबंद नव्हते असं परागावरून म्हणणं फार धाडसाचं ठरतं.

म्हणून मी प्रत्येक बाटलीच्या दोन स्लाइड करते. एक आम्लाची, एक बिनआम्लाची, नुसती सॅफ्रनिनने रंगवलेली. दुसरीत पिशाचे कण दिसतात: गोल, बिनचिरेचे, अंगावर अगदी बारीक काटे, बरेचसे चुरगळलेले. अहवालात दोन रकाने येतात आणि त्यांची बेरीज जुळत नाही. मधपाळांना ते आवडत नाही. लेबल छापणाऱ्याला तर अजिबातच नाही, त्याला एकच आकडा हवा असतो. मी दोन्ही लिहून पाठवते.